थोडं डावीकडे

१

सकाळी दुकान उघडलं की मी आधी काचा पुसतो. शोकेसची, मग आरशाची, मग अक्षरांच्या तक्त्यावरची आणि शेवटी माझ्या स्वतःच्या चष्म्याची. छत्तीस वर्षं हाच क्रम. त्या दिवशी आरशापर्यंत आलो होतो, तेवढ्यात कोपऱ्यावरचे स्टुडिओवाले अण्णा दारात येऊन उभे राहिले. कातड्याची एक चौकोनी पेटी त्यांनी अशी छातीशी धरली होती, जसं काही मांजरच पकडून आणलंय.

"घे," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी राजीनामा दिलाय. दुधी काचेवर मला आता सगळं दुधीच दिसतं."

त्यांचा मोतीबिंदू पिकलाय हे मीच त्यांना तीनदा सांगितलं होतं. ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलत. स्टुडिओ दोन वर्षांपूर्वी बंद केला, तरी मागची डार्करूम मात्र ठेवली होती. म्हणायचे, तिथे डोळ्यांची गरजच नाही, अंधारात मी आणि तू सारखेच आंधळे.

"अण्णा, मला कुठे फोटो काढता येतात?"

"तुला भिंगातलं कळतं. बाकीचं मी सांगतो. न वापरता पडून राहिला तर आखडतो, गुडघ्यासारखा. एक रोल घालून बघ, चालतोय का एवढंच सांग मला."

तो जुना, दोन भिंगांचा कॅमेरा होता. एकावर एक अशी दोन भिंगं. वरचं बघायला, खालचं फोटो घ्यायला. कॅमेरा गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून आत बघायचं. आत एक दुधी काच, आणि त्या काचेवर समोरचं जग. उजव्याचं डावं झालेलं, पण इतकं शांत आणि सुबक, की बाहेरचं खरं जग त्यापुढे कच्चं वाटावं. मी काचेत बघत दुकानाच्या दारात उभा राहिलो. रस्त्यावरून एक सायकल डावीकडे गेली. काचेत ती उजवीकडे गेली. मला उगाचच हसू आलं. किती दिवसांनी हसलो ते आठवेना.

रोलमध्ये बारा फोटो मावतात. सहा मी इमारतींचे आणि झाडांचे काढले. मग माणसांचे. स्वतः अण्णा, त्यांच्या आरामखुर्चीत. समोरच्या दुकानातले शिंपी मास्तर, मशीनवर हात ठेवून. पावाच्या दुकानातली बाई. वरच्या मजल्यावरची मुलगी, जिन्याच्या पायरीवर, एका पायात चप्पल नसलेली. आणि शेवटचे दोन माझ्या बायकोचे, स्वयंपाकघराच्या खिडकीशी.

"हे काय नवीन?" ती म्हणाली.

"अण्णांचा आहे. चालतोय का बघतोय."

"बघा," ती म्हणाली आणि भांडी पुसत राहिली. आमच्यात साधारण एवढंच बोलणं होत असे.

२

रोल अण्णांनीच धुतला. अंधारात त्यांचे हात विशीतल्या माणसासारखे चालत होते. निगेटिव्ह वाळल्यावर त्यांनी बाराही चौकोन एकाच कागदावर छापले आणि ओला कागद काचेवर चिकटवून दिवा लावला.

"शटर ठणठणीत आहे," ते नाक कागदाला लावून म्हणाले. "निदान काहीतरी उमटलंय एवढं मला दिसतंय. तू सांग कसे आलेत."

इमारती सरळ होत्या. झाडांची पानं मोजता येतील इतकी स्पष्ट होती. मग मी माणसांकडे आलो, आणि खिशातलं भिंग काढलं.

माझा धंदाच असा आहे की समोरचा माणूस काय बोलतो याआधी तो कुठे बघतो ते मला दिसतं. डोळ्यांच्या बाहुल्या एक मिलिमीटर इकडे की तिकडे, यावर माझं पोट चालतं. त्या कागदावरच्या माणसांच्या सहाही चौकोनांत एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता.

सगळे थोडं डावीकडे बघत होते. माझ्या डावीकडे, आणि थोडं वर.

"अण्णा, फोटो काढताना तुम्ही कुठे बघत होतात?"

"कुठे म्हणजे? भिंगात. चाळीस वर्षं लोकांना 'इकडे बघा' सांगण्यात गेली, मला शिकवतोस?"

"मग तुम्ही बाजूला बघताय."

"माझ्या डोळ्यांचं काय घेऊन बसलास. बाकीच्यांचं सांग."

"बाकीचेही."

अण्णांनी कागद काचेवर पुन्हा दाबून बसवला. मग म्हणाले, "तुझ्या तोंडाकडे बघत असतील. कॅमेरा पोटाशी असतो ना, लोकांची नजर आपोआप वर जाते."

वर जाते हे पटलं. पण डावीकडे का? आणि आणखी एक गोष्ट होती, ती मी त्यांना सांगितली नाही. सगळ्यांचे चेहरे सैल झाले होते, ओठ किंचित उघडे. बऱ्याच दिवसांनी आपलं माणूस दारात दिसलं की चेहऱ्याचं जे होतं ना, ते. शिंपी मास्तरांना मी तीस वर्षं बघतोय. मापाच्या टेपखेरीज कशाकडेही त्यांनी इतक्या मायेने पाहिलेलं मला आठवत नाही.

३

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. गिऱ्हाइकाने 'मला दोन चंद्र दिसतात' म्हटलं की मी काच तपासतो, चंद्र नाही. म्हणून दुसरा रोल मी तपासणीसाठीच घातला.

पहिले तीन फोटो अण्णांनी काढले, अंदाजाने. अंतर मी फूटपट्टीने मोजून दिलं. त्यात शिंपी मास्तर सरळ भिंगात बघत होते, जसे ओळखपत्राच्या फोटोत बघतात. म्हणजे भिंगात दोष नव्हता. पुढचे तीन मी कॅमेरा तिवईवर ठेवून, लांब केबलने काढले. स्वतः चार पावलं उजवीकडे जाऊन उभा राहिलो. वरच्या भिंगावर लाल कागदाचा ठिपका लावला आणि बजावलं, "मास्तर, फक्त ठिपक्याकडे."

"एवढं कशाला, ठिपक्याचंच लग्न लावा माझ्याशी," मास्तर म्हणाले.

फोटो आले तेव्हा त्यांची नजर ठिपक्यावरून निघून माझ्या बाजूला सरकलेली होती. मी जिथे उभा होतो तिथे, पण माझ्यावर नव्हे. माझ्या डावीकडे.

"तुम्ही ठिपका सोडून कुठे बघितलंत?"

"आईशप्पथ, ठिपक्याकडेच. डोळ्यात पाणी आलं एकटक बघून."

म्हणजे कॅमेऱ्यात नव्हतं. माझ्यात होतं.

त्या दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी जमिनीवर खडूने खुणा केल्या. अण्णांकडून मोठ्या करून घेतलेल्या प्रिंटवरून बाहुल्यांचा कल मोजला, समोरच्या खुर्चीपासून दोरे ताणले. दोन वेगवेगळ्या फोटोंवरून काढलेले दोरे जिथे एकमेकांना छेदतात, तिथे त्या माणसाचं लक्ष होतं. हे काम मला येतं. रात्रीची झोप उडेल असं त्यातून काही निघेल, याची मात्र कल्पना नव्हती.

पहिल्या रोलमधले दोरे माझ्या मागे, डावीकडे, एका पावलावर छेदत होते. दुसऱ्या रोलमधले अगदी खांद्याशी. आणि उंची दोन्हींत सारखी. माझ्यापेक्षा चांगली पाच इंच वर. मी खुर्चीवर चढून पट्टी धरली. पाच फूट अकरा इंच उंचीच्या माणसाचे डोळे जिथे असतील, तिथे.

मी त्या रिकाम्या जागेत हात फिरवून पाहिला. हवा होती. समोर मास्तरांचं मशीन खडखडत होतं, थांबत होतं, पुन्हा खडखडत होतं. मी खुणा पुसून टाकल्या आणि दोरे गुंडाळून ठेवले. आमच्या घरात एवढं उंच कुणीही नाही.

४

प्रिंट मी कपाटात, जुन्या पावत्यांखाली ठेवल्या होत्या. बायकोला कशा सापडल्या कोण जाणे. संध्याकाळी घरी आलो तर ती पलंगावर बसलेली, मांडीवर सगळ्या प्रिंट पसरलेल्या. वरच्या मजल्यावरच्या मुलीचा फोटो तिच्या हातात होता. त्यात त्या मुलीने मान इतकी वर केली होती की गळ्याची शीर दिसत होती.

"कोण उभं आहे तिथे?" तिने विचारलं.

"कुणी नाही. मी मोजमाप केलंय. भिंगाचा काहीतरी..."

"किती उंच?"

मी पिशवी खुंटीला अडकवली.

"मोजलंय म्हणालात ना. किती उंच आहे?"

"पाच अकरा असेल."

तिने फोटो हळूच मांडीवर ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा. बोटाने त्याची कड सरळ केली. मग म्हणाली, "माझ्या भावांसारखा. मी म्हणायचेच, हा माझ्या माहेरच्यांवर जाणार. टिल्लू टिल्लू म्हणून चिडवायचे सगळे. बघा किती उंच झालाय."

बावीस वर्षांत ते नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. भिंतीवर त्याचा एकही फोटो नाही. पाहुण्यांना वाटतं आम्हाला मूलच नव्हतं, आणि आम्ही तसं वाटू देतो.

आठ वर्षांचा होता. त्या दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून तो दुकानात आला. मी मागच्या टेबलावर मान खाली घालून काच घासत होतो. जाड नंबरची होती, जरा हात चुकला तर टवका उडतो. तो शेजारी येऊन उभा राहिला. माझ्या डाव्या बाजूला. म्हणाला, "बाबा, हे बघा ना." मी म्हणालो, "थांब जरा." मान वर केली नाही. तो पुन्हा म्हणाला, "बघा ना," आणि मी पुन्हा म्हणालो, "थांब म्हटलं ना." मग पावलं ऐकू आली. तो मास्तरांना दाखवायला धावत रस्ता ओलांडत होता. मास्तरांची आरोळी मी ऐकली, ब्रेकचा आवाज त्यानंतर. काय दाखवायचं होतं ते कधीच कळलं नाही. त्याचे दोन्ही हात रिकामे होते.

बायकोने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

"हे बघ," मी म्हणालो, "मेलेलं माणूस वाढत नाही. उगाच काहीतरी मनात आणू नकोस."

"तुम्ही त्याला थांब म्हणाला होतात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तेव्हा नाही थांबला. आता थांबलाय."

५

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्यात दुकानात ती दहा वेळाही आली नसेल. आणि तो गेल्यानंतर तर एकदाही नाही. मास्तर मशीन सोडून उभे राहिले. तिने त्यांना नुसती मान हलवली.

"मला शिकवा," ती म्हणाली.

मी रोल घालून दिला. तिने रस्त्यावर, दारात, जिन्यात, जो भेटेल त्याचे फोटो काढले. शेवटचे चार माझे. अण्णांनी धुतले. बाराही फोटोंत सगळे अगदी सरळ भिंगात बघत होते. मीसुद्धा, एखाद्या लायसन्सवर असावा तसा ठोंब्यासारखा.

तिने कागद दोनदा पाहिला, मग उलटा करून टेबलावर ठेवला.

"माझ्याजवळ नाही येत तो," ती म्हणाली. एवढंच. पण ती ज्या तऱ्हेने खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली ते बघून अण्णा उगाच फोटो धुवायच्या हायपोची बाटली हलवत बसले.

दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, एक ते चार दुकान बंद असतं तेव्हा, ती पुन्हा आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

"तुम्ही काढा," ती म्हणाली. "मी समोर बसते. ज्यांचा फोटो निघतो त्यांना तो दिसतो. हो की नाही?"

"त्यांना काही आठवत नाही पण. तुलाही आठवणार नाही. तुझे खिडकीतले फोटो काढले तेव्हा आठवलं का काही?"

"नाही आठवलं तरी चालेल. बघून तर होईल."

मी कॅमेरा गळ्यात घातला.

"आणि नुसतं टिकटिक नको," ती म्हणाली. "डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं ते. अण्णांना विचारलंय मी. एका अक्षरावर ठेवलं की बटण दाबून धरलंय तोवर शटर उघडं राहतं. तसं ठेवा."

फोटो येणार नाही, नुसता उजेड भरेल, असं मी सांगितलं. तिने ऐकलं नाही. तिला फोटो नकोच होता.

मी मान खाली घातली. काचेवर ती दिसत होती. पांढरी साडी, मांडीवर हात, मागे अक्षरांचा तक्ता उलटा. ती भिंगाकडे बघत होती. मी बटण दाबलं.

तिची नजर हलली. काचेत ती उजवीकडे गेली, म्हणजे खोलीत डावीकडे. आणि वर. मग तिचा चेहरा असा फुटला, की मला दुसरा शब्द सापडत नाही. ती हसत होती आणि रडत होती आणि बोलत होती. ओठ भराभर हलत होते, मध्येच थांबत होते, उत्तर ऐकावं तसे. पण दुकानात आवाज नव्हता. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं, रस्त्यावर कुणीतरी बादली ओतल्याचं ऐकू आलं, पण आठ फुटांवर माझी बायको बोलत होती ते ऐकू येत नव्हतं.

मान वर करावी असं मनात आलं. केली नाही. का, ते मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. वर पाहिलं असतं तर तिथे कुणी नसतं, याची मला खात्री होती. आणि खात्री नव्हती.

मग काच काळवंडली. ज्यांनी असा कॅमेरा वापरलाय त्यांना ठाऊक असेल: उजेड आत शिरला की काचेवरचं चित्र फिकं पडतं, आपण डोकं आणखी वाकवून सावली केली की ते उजळतं. मी वाकलो नव्हतो. तरी वरून सावली आली, डाव्या बाजूने, आणि माझी बायको काचेत एकदम लख्ख दिसायला लागली, कधी नव्हे इतकी. माझ्या डाव्या खांद्यावर काहीतरी टेकलं. जड नाही. हनुवटी टेकते तेवढं. काचेच्या कडेला, माझ्याच चेहऱ्याच्या पुसट प्रतिबिंबाला लागून, एका कानाची कड दिसली आणि त्यामागे बारीक कापलेले केस.

कुणीतरी माझ्याबरोबर आत बघत होतं.

माझं बोट सुटलं. शटर बंद झाल्याचा बारीकसा आवाज आला.

"झालं?" ती म्हणाली. तिने गालाला हात लावला, ओल्या बोटांकडे आश्चर्याने पाहिलं. "अगं बाई. मी रडले वाटतं."

"काही आठवतंय?"

"नाही. पण छान झोप लागून उठल्यासारखं वाटतंय." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम्हाला काय झालं? बसा इथे. बसा आधी."

६

त्यानंतर ती रोज यायची. एकची वेळ कधी चुकली नाही. मी रोज बटण दाबून धरायचो, आज दोन मिनिटं, उद्या पाच. ते डोकं पुन्हा माझ्या काचेत वाकलं नाही. ती दिसायची, तिचे ओठ दिसायचे, पण सावली पडायची नाही. तो माझ्या बाजूला असायचा आणि बघायचा तिच्याकडे. त्यात मी तक्रार करावी असं काही नव्हतं. आठ वर्षांच्या मुलाने आईकडेच बघावं. तिशीतल्यानेही.

अण्णांकडे मी निगेटिव्ह नेत राहिलो. सगळ्या काळ्या, बारा चौकोनांच्या काळ्या पट्ट्या. अण्णा त्या दिव्यासमोर धरायचे आणि खाली ठेवायचे.

"किती वेळ धरतोस आताशा?"

"दहा मिनिटं."

"आणि बंद केल्यावर लगेच उठते ती?"

मी पट्ट्या गोळा करायला लागलो. ती लगेच उठत नव्हती. पहिल्या आठवड्यात तिची नजर तीन आकडे मोजेपर्यंत तिकडेच राहायची. दुसऱ्या आठवड्यात दहा. मग मी मोजायचं सोडून दिलं. तिला हाक मारायला लागायची, एकदा, दोनदा. परत आली की ती माझ्याकडे ओळख नसल्यासारखी बघायची, गिऱ्हाइक आरशात नवा चष्मा घालून बघतं तशी, आणि मग हळूहळू मी तिला पटायचो.

"पुरे कर," अण्णा म्हणाले. "पाण्याखाली माणूस किती वेळ राहू शकतो, त्याला एक मर्यादा आहे. तू बाहेर उभं राहून दोर धरलायस. कळतंय ना तुला?"

त्याच संध्याकाळी मी तिला म्हणालो, आता थांबू या. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही एकदा 'थांब' म्हणालात तेवढं पुरे झालं."

बावीस वर्षांत तिने लावलेला तो पहिला बोल. मी वाट पाहत होतो त्याची. आला तेव्हा कळलं की त्याने काही हलकं होत नाही. दुसऱ्या दिवशी एक वाजता मी बटण पंधरा मिनिटं दाबून धरलं. बोट बधिर झालं. बंद केल्यावर मी तिला सहा वेळा हाक मारली.

७

शेवटी मी खोटं बोललो. शटर आखडलं म्हणालो. सकाळी दुकानात जाताना कॅमेरा कातड्याच्या पेटीत घालून अण्णांकडे दिला आणि सांगितलं की कुलपात ठेवा, ती आली तरी देऊ नका, मी आलो तरी देऊ नका. अण्णांनी पेटी घेतली. माझ्या खांद्यावर थोपटायला हात उचलला आणि का कोण जाणे, डाव्या खांद्याऐवजी उजव्यावर थोपटलं.

"घरी जा आज," ते म्हणाले. "तिच्याजवळ बस. बोल तिच्याशी. तुम्हा दोघांना बोलायची सवयच राहिली नाही."

मी दुकान उघडलंच नाही. पाव घेतला, दूध घेतलं. रस्त्याने जाताना मनात वाक्यं जुळवत होतो. तिला सांगायचं होतं की त्या दिवशी काच अर्धी राहिली असती तरी काही बिघडलं नसतं. तिला हे ठाऊक होतंच, पण माझ्या तोंडून तिने ते कधी ऐकलं नव्हतं. जिना चढताना मला इतकं हलकं वाटत होतं की वरच्या मजल्यावरच्या मुलीने "काका, आज सुट्टी?" विचारलं तर मी "हो, आज सुट्टी" असं हसून म्हणालो.

दाराशी पोचलो तर आतून हसण्याचा आवाज आला. तिचा. मी चावी लावता लावता थांबलो. ती बोलत होती, भराभर, मध्येच थांबत, पुन्हा बोलत. या वेळी आवाज होता. स्पष्ट, भरलेला, तिचा जुना आवाज, जो मी कुठे हरवला असं धरून चाललो होतो.

आत गेलो. ती ओट्याशी पाठ टेकून उभी होती, हातात पुसायचं फडकं. कॅमेरा नव्हता, भिंग नव्हतं, खिडकीतून सकाळचं ऊन फरशीवर आलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिची नजर लगेच सरकली. थोडं डावीकडे. वर.

"आलात? मी याला तेच सांगत होते, येतीलच म्हणून." तिने फडकं हलवलं. "अहो, असे दारात काय उभे राहिलात? सरका ना जरा, त्याला आत येऊ द्या. तुमच्या मागे अडकलाय तो."

मी बाजूला सरकलो. पिशवी हातातच होती. काही गेलं नाही माझ्या अंगावरून, वाराही नाही. पण तिची नजर दारातून निघाली, माझ्यासमोरून गेली आणि टेबलाजवळच्या खुर्चीवर येऊन खाली बसली.

मग तो काहीतरी बोलला असावा, कारण ती तोंडावर फडकं धरून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. अशी हसताना मी तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहिलं होतं.

"ऐकलंत का," तिने मला विचारलं, खुर्चीवरची नजर न काढता, "ऐकलंत का काय म्हणाला?"

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. दुसरा कसलाही आवाज नव्हता.

"हो," मी म्हणालो. "ऐकलं."